डासाला विषाणू कोठून मिळतो? मणिकर्णिका घाट आणि डासजन्य तापांचे शास्त्र

वाराणसीतील मणिकर्णिका घाटावर चिता अहोरात्र जळतात. देशाच्या सर्व भागांतून लोक येथे आप्तांचे अंत्यसंस्कार करण्यासाठी, अस्थिविसर्जनासाठी आणि केवळ दर्शनासाठीही येतात. महाराष्ट्राशी या परिसराचा संबंध जुना आहे. घाटालगत शिंदे घाट आहे. जवळच्या काशी विश्वनाथ मंदिराचे आजचे रूप अहिल्याबाई होळकर यांनी १७८० मध्ये उभारले. आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नावही मणिकर्णिका होते. मराठी कुटुंबांतील काशीयात्रेची परंपरा आजही खंडित झालेली नाही.

गर्दी, धूर, राख, पुरानंतरचा गाळ आणि सतत येणारे मृतदेह पाहून अनेक यात्रेकरूंच्या मनात रोगराईची शंका येते. पावसाळ्यानंतर डेंगी किंवा चिकुनगुन्याचे रुग्ण वाढले की ही शंका अधिकच बळावते. डासजन्य विषाणूंच्या बाबतीत मात्र शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. डासाला डेंगीचा विषाणू मृतदेहातून, चितेच्या धुरातून किंवा घाण पाण्यातून मिळत नाही. तो त्याला जिवंत, संसर्गग्रस्त माणसाच्या रक्तातून मिळतो आणि तोही ठरावीक दिवसांतच. हे दिवस कोणते, हे समजले तर साथ रोखण्याचा सर्वांत साधा उपाय प्रत्येक घराच्या हाती येतो.

डास जन्मतः रोगवाहक नसतो

रक्त शोषते ती केवळ डासाची मादी. अंडी परिपक्व होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिनांची गरज असते. नर डास फुलांतील मधुरस व वनस्पतींचे रस यांवर जगतात. मादीही ऊर्जेसाठी हेच रस घेते.

डेंगी, चिकुनगुन्या, झिका आणि पीतज्वर या चारही आजारांचा मुख्य प्रसारक एडिस इजिप्ती हा डास आहे. त्याच्या काळ्या पायांवर व अंगावर पांढरे पट्टे असतात आणि तो प्रामुख्याने दिवसा चावतो. सकाळचे पहिले काही तास आणि सूर्यास्तापूर्वीची वेळ हा त्याचा विशेष सक्रिय काळ असतो. कोषातून नुकतीच बाहेर पडलेली एडिसची मादी बहुधा विषाणुमुक्त असते. संसर्गग्रस्त मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत विषाणू उतरल्याची उदाहरणे आढळली आहेत. पण त्यांचे प्रमाण अल्प असते. साथीचा मुख्य मार्ग माणूस, डास आणि पुन्हा माणूस असाच असतो.

मादी आपले भक्ष्य उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, शरीराची ऊब आणि त्वचेचा गंध यांच्या आधारे शोधते. मृतदेहात श्वास नसतो, ऊब टिकत नाही आणि रक्ताभिसरणही थांबलेले असते. त्यामुळे या रोगसाखळीत मृतदेह हा दुवा ठरत नाही. नैसर्गिक आपत्तीनंतरही मृतदेहांमुळे सहसा साथी पसरत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार स्पष्ट केले आहे.

दंशाच्या क्षणी काय घडते

डासाची सोंड ही एकच सुई नसते. मऊ आवरणाच्या आत सहा सूक्ष्म, धारदार अवयवांचा जुडगा असतो. त्यांपैकी काही त्वचा कापतात, काही ती बाजूला धरून ठेवतात. एका नळीतून रक्त वर ओढले जाते आणि दुसऱ्या, स्वतंत्र मार्गाने लाळ त्वचेत सोडली जाते. रक्त गोठू नये आणि रक्तवाहिनी आकुंचन पावू नये यासाठी लागणारी द्रव्ये या लाळेत असतात. दंशानंतर येणारी खाज व गांधी ही या लाळेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया होय.

रक्त आत येण्याचा आणि लाळ बाहेर जाण्याचा मार्ग वेगळा असणे, हा या विषयाचा गाभा आहे. डास आधी चावलेल्या व्यक्तीचे रक्त पुढच्या व्यक्तीच्या शरीरात टोचत नाही. तो टोचतो ती स्वतःची लाळ. म्हणून विषाणू डासामार्फत पसरायचा असेल, तर त्याने पोटातून निघून लाळेपर्यंतचा प्रवास पूर्ण केलाच पाहिजे. एचआयव्हीला हे जमत नाही. डासाच्या पोटात त्याची वाढ होत नाही, तो रक्ताबरोबर पचून जातो. डास चावल्याने एड्स का होत नाही, याचे उत्तर येथे आहे.

डासाच्या शरीरातील आठ ते बारा दिवस

डेंगीच्या रुग्णाचे रक्त शोषल्यावर ते मादीच्या मध्यांत्रात, म्हणजे अन्न पचवणाऱ्या भागात जाते. एका वेळी घेतलेले रक्त पाण्याच्या थेंबाचाही लहानसा अंश असते. त्यात पुरेसे विषाणू असतील तरच संसर्गाची शक्यता निर्माण होते.

पहिला अडथळा मध्यांत्राच्या पेशींचा असतो. रक्त पचून जाण्याआधी विषाणूने या पेशींत शिरून वाढायला सुरुवात केली पाहिजे. दुसरा अडथळा म्हणजे त्या पेशींतून बाहेर पडणे. तेथून विषाणू डासाच्या शरीरद्रवात उतरतो आणि इतर ऊतींत पसरतो. तिसरा अडथळा लाळग्रंथींत शिरण्याचा आणि शेवटचा, लाळेत उतरण्याचा. कोणत्याही टप्प्यावर विषाणू अडला तर डास रुग्णाला चावूनही निरुपद्रवी राहतो.

डेंगीच्या विषाणूला हे टप्पे ओलांडण्यासाठी २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात साधारण ८ ते १२ दिवस लागतात. हवा अधिक उष्ण असेल तर हा काळ कमी होतो, थंडीत लांबतो. चिकुनगुन्याचा विषाणू बहुधा याहून लवकर लाळेपर्यंत पोहोचतो. एकदा लाळग्रंथी बाधित झाल्या की मादी आयुष्यभर संसर्गक्षम राहते. डासाची प्रतिकारयंत्रणा विषाणूला आवर घालते, पण सहसा त्याचा पूर्ण नाश करत नाही. आणि विषाणूही डासाला मारून टाकत नाही.

एडिसची मादी साधारण दोन ते चार आठवडे जगते. म्हणजे रुग्णाला चावल्यानंतर किमान आठवडाभर जिवंत राहिलेली मादीच पुढे रोग देऊ शकते. हा डास रक्ताचे एक पूर्ण जेवण अनेकदा एकाच माणसाकडून घेत नाही. किंचित हालचाल होताच तो उडतो आणि दुसऱ्याला चावतो. एकाच घरातील दोन-तीन जण पाठोपाठ आजारी पडण्यामागे हे एक कारण असते.

रुग्णाकडून डासाला संसर्ग केव्हा होतो

संसर्गक्षम डास चावल्यानंतर माणसाला डेंगीची लक्षणे दिसण्यास साधारण ४ ते १० दिवस लागतात. रक्तातील विषाणूचे प्रमाण ताप येण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून वाढलेले असते. ताप उतरल्यानंतरही दोन दिवसांपर्यंत डासाला संसर्ग होऊ शकतो. सामान्यतः विषाणू रक्तात चार ते पाच दिवस राहतो, काही रुग्णांत याहून अधिक काळ. ज्यांना काहीच लक्षणे नाहीत, अशा बाधितांकडूनही डासाला विषाणू मिळू शकतो.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्ण स्वतः उपचार घेत असतो, त्याच वेळी तो घरातील आणि शेजारच्या डासांसाठी विषाणूचा स्रोत असतो. मच्छरदाणीची गरज या काळात रुग्णालाच सर्वाधिक असते आणि एडिस दिवसा चावत असल्याने ती दिवसाही हवी. घराघरांत बहुधा याच्या उलट चित्र दिसते: रात्री मच्छरदाणी लावली जाते आणि दिवसा तापाचा रुग्ण उघड्यावर झोपलेला असतो.

क्युबातील प्रयोगाची साक्ष

मृताच्या वस्तूंपासून रोग लागतो, ही समजूत सव्वाशे वर्षांपूर्वी जगभर होती. हवाना येथील डॉ. कार्लोस फिन्ले यांनी १८८१ मध्येच पीतज्वर डासांमुळे पसरतो, असे मांडले होते. फार कमी लोकांनी त्यांचे म्हणणे गांभीर्याने घेतले. भारतात जन्मलेले डॉ. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे ॲनोफिलीस डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. डास रोग वाहतो, या कल्पनेला त्यामुळे ठोस आधार मिळाला. हिवताप विषाणूमुळे होत नाही, परजीवीमुळे होतो. पण रोगकारक घटकाने डासाच्या शरीरात काही काळ काढणे आवश्यक असते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात डॉ. हेन्री कार्टर यांनी १८९८ मध्ये एक निरीक्षण नोंदवले. घरात पीतज्वराचा पहिला रुग्ण आढळल्यानंतर पुढचे रुग्ण लगेच दिसत नव्हते. मध्ये दोन-तीन आठवडे जात. १९०० मध्ये डॉ. वॉल्टर रीड यांच्या आयोगाने क्युबात या अंतराचा उलगडा केला. रुग्णाला आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत चावलेला डास सुमारे बारा दिवसांनंतर दुसऱ्याला आजारी पाडू शकतो, असे स्वयंसेवकांवरील प्रयोगांत दिसले.

याच प्रयोगमालेत काही स्वयंसेवकांना डास नसलेल्या बंद खोलीत, पीतज्वराच्या रुग्णांच्या मळलेल्या कपड्यांत आणि अंथरुणांत वीस रात्री झोपवण्यात आले. त्यांपैकी एकालाही पीतज्वर झाला नाही. रोग वस्तूंना चिकटलेला नव्हता. तो डासाच्या लाळेत होता. मणिकर्णिकेवर अंत्ययात्रेबरोबर येणाऱ्या वस्त्रांकडे आणि सामानाकडे पाहून डेंगीची भीती बाळगणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

माणूस दूर जातो, डास नाही

एडिसचा डास बहुधा आपल्या जन्मस्थानापासून काहीशे मीटरच्या परिघातच फिरतो. वाराणसीतील डास उडत पुण्याला किंवा नागपुराला जाणार नाही. विषाणू लांब पल्ल्याचा प्रवास करतो तो माणसाच्या रक्तातून, रेल्वे, बस आणि विमानाने.

भाद्रपदातील पितृपक्षात श्राद्धविधींसाठी काशीला मोठी गर्दी होते आणि कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळीच्या दीपोत्सवासाठी घाट भरून जातात. उत्तर भारतात डेंगीचा हंगामही पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडी सुरू होईपर्यंतचा असतो. समजा, एखाद्या यात्रेकरूला काशीत संसर्गक्षम डास चावला. त्याला ताप येईल तो पुढील चार ते दहा दिवसांत, म्हणजे बहुधा घरी परतल्यावर. त्या तापात त्याला गावातील एडिस चावला, तर त्या डासाची लाळ आठ ते बारा दिवसांनी संसर्गक्षम होईल. नंतर तो ज्या शेजाऱ्याला चावेल, त्याला आणखी चार ते दहा दिवसांनी ताप येईल. पहिल्या रुग्णाच्या आणि शेजाऱ्याच्या तापामध्ये अशा रीतीने दोन ते तीन आठवड्यांचे अंतर पडते आणि यात्रेशी असलेला संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रवासाहून परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी, ती यासाठीच.

महाराष्ट्राचा अनुभव

डासांतील विषाणूंच्या भारतीय संशोधनाचे प्रमुख केंद्र पुण्यात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये तेथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ मध्ये त्याचे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे नामकरण झाले.

भारतात चिकुनगुन्याची पहिली नोंदलेली साथ १९६३ मध्ये कोलकात्यात आली. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे मोठी साथ झाली. त्यानंतर सुमारे तीन दशके हा आजार देशात जवळजवळ दिसेनासा झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. परतलेला विषाणू जुन्या आशियाई प्रकारचा नव्हता, आफ्रिकी प्रकारचा होता. पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० मध्ये पकडलेल्या डासांत हा आफ्रिकी प्रकार आढळल्याचे नंतरच्या विश्लेषणातून समोर आले. डासांची तपासणी माणसांतील साथीची चाहूल वर्षे आधी देऊ शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

त्याच काळात हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर चिकुनगुन्याच्या विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनात एकच बदल झाला. एका अमिनो आम्लाच्या या बदलामुळे एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासाच्या मध्यांत्रात शिरणे विषाणूला अधिक सुलभ झाले. २००७ मध्ये केरळमध्येही हा बदललेला विषाणू आढळला. डासाच्या पोटातील पहिला अडथळा किती निर्णायक असतो, हे यावरून कळते.

झिकाचा प्रवासही असाच झाला. २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील कानपूर येथे शंभरहून अधिक रुग्ण आढळले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रातील पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात आढळला आणि २०२४ मध्ये पुणे शहरात अनेक रुग्णांची नोंद झाली. गर्भवतीला झिका झाल्यास बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका असतो. हा विषाणू लैंगिक संबंधातूनही पसरू शकतो.

सर्वच डासजन्य विषाणू माणसाकडून येत नाहीत

पूर्व उत्तर प्रदेशाला जपानी मेंदूज्वराने दीर्घकाळ ग्रासले. २००५ मध्ये गोरखपूर आणि परिसरातील साथीत एक हजाराहून अधिक मृत्यू झाले; त्यांत बालकांची संख्या मोठी होती. पुढील वर्षापासून या भागात बालकांच्या लसीकरणाची मोहीम सुरू झाली.

हा विषाणू भातखाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत पसरतो. डासांना तो डुकरांकडून आणि बगळ्यांसारख्या पाणथळ जागी राहणाऱ्या पक्ष्यांकडून मिळतो. माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण इतके कमी राहते की रुग्णाला चावलेल्या डासाला सहसा संसर्ग होत नाही. येथे माणूस हा साखळीचा शेवट असतो. डेंगीत रुग्णाला मच्छरदाणीत ठेवल्याने साथ अडते. जपानी मेंदूज्वरात निरोगी मुलाचे लसीकरण आणि डासांपासून संरक्षण अधिक महत्त्वाचे ठरते.

घाटावरचे कोणते पाणी धोक्याचे

वाहत्या गंगेत एडिस वाढत नाही. त्याला लागते ते स्थिर, तुलनेने स्वच्छ, थोडेसे पाणी. मादी भांड्याच्या आतील बाजूस, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी घालते. ही अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. म्हणून पिंप केवळ रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते.

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात ती ७३.९० मीटरपर्यंत पोहोचली होती. पूर आला की मणिकर्णिकेच्या खालच्या पायऱ्या बुडतात आणि अंत्यसंस्कार वरच्या चबुतऱ्यांवर करावे लागतात. पूर ओसरल्यावर गाळातील डबक्यांत इतर जातींचे डास वाढू शकतात. एडिसची खरी जागा मात्र वरच्या अरुंद गल्ल्यांत असते: पाण्याची उघडी पिंपे, कूलर, गच्चीवरील टाक्या, जुने टायर आणि पाणी साचलेली फुटकी मडकी व कुल्हड. दाट वस्तीत एका घरातील उघडे पिंप आजूबाजूच्या अनेक घरांना पुरते.

काय करता येईल

अंड्यापासून पूर्ण डास होण्यास अनुकूल हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून सर्व भांडी रिकामी करून, घासून, सुकवली तर हे चक्र पूर्ण होण्याआधीच तुटते. धूरफवारणीने उडणारे डास काही काळ कमी होतात, अंडी व अळ्या मात्र मरत नाहीत.

विषाणूला डासाच्या शरीरातच रोखण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. वुल्बाकिया हा जिवाणू एडिसच्या पेशींत असला की डेंगीच्या विषाणूची वाढ मंदावते. इंडोनेशियातील योग्यकर्ता येथील चाचणीत असे डास सोडलेल्या भागांत डेंगीचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात पुद्दुचेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने वुल्बाकियायुक्त एडिस डास विकसित केल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले.

यात्रेकरूंनी दिवसा अंगभर कपडे घालावेत, डासप्रतिबंधक मलम लावावे आणि मुक्कामाच्या ठिकाणी पाणी उघडे राहणार नाही याची दक्षता घ्यावी. परतल्यावर ताप आल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. डेंगीची शक्यता असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, धाप लागणे, अतिशय थकवा अशी लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ही लक्षणे बऱ्याचदा ताप उतरत असतानाच दिसतात. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार असून पूर्वी एकाने बाधित झालेल्या व्यक्तीला दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग अधिक गंभीर ठरू शकतो.

उपचारांबरोबर रुग्णाला तापाचा पहिला आठवडा दिवसरात्र मच्छरदाणीत ठेवावे. त्याला न चावलेला डास शेजाऱ्याच्या घरी त्याचा विषाणू नेऊ शकत नाही.